वहिनी, तुझं अपील अजून चालू आहे

वहिनी,

वकीलसाहेब म्हणाले, तुझ्या जागी माझं नाव लावायला कोर्ट तू गेल्यापासून नव्वद दिवस देतं. त्यातले बावीस गेले. मी इथं छत्तीसगडात, धमतरीला, गिरणीच्या मागच्या खोलीत बसलोय आणि रोज सकाळी उठलो की आधी तो आकडा मोजतो, मग तोंड धुतो. तेवढ्या दिवसांत वारस म्हणून कोणी उभं राहिलं नाही तर अपील आपोआप संपतं. त्याला निकाल लागत नाही, ते नुसतं विझतं.

तुला हे सांगितलं असतं तर हसली असतीस. 'म्हंजे माझ्यापरीस माझं भांडण तीन महिने जास्त जगणार व्हय?' असं काहीतरी म्हणाली असतीस. तुझं असं बोलणं मला आता स्वतःच रचून घ्यावं लागतंय, आणि ते नीट जमत नाही.

मी तुला 'तू' म्हणतोय म्हणून वाचणारे नावं ठेवतील. मोठ्या भावाच्या बायकोला आमच्याकडे अहोजाहो करतात. तू घरात आलीस तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. मावशी मला दटावत होत्या, 'सोमा, वहिनीला तुमी म्हणावं.' तू चुलीपुढून मान न वळवता म्हणालीस, 'राहू द्या मावशी. त्याला आता कुणाला तरी तू म्हणायला पायजे का नको?' नवी नवरी असं बोलते म्हणून मावशी गप्प झाल्या. मी मात्र त्या दिवसापासून निवांत झालो.

सातवीत शाळा सोडली तेव्हाही तूच मधे पडलीस. गुरुजींनी उभं करून काही विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. येत असलेलं उत्तरसुद्धा बाहेर निघायचं नाही. दादा मारायला उठला होता. तू म्हणालीस, 'नाय ऱ्हाता येत त्याला उभं, तर काय करता? बसून करायचं काम शोधू.' मग घोटीच्या भाताच्या गिरणीत मला चिकटवलंस. तिथला मिस्त्री धमतरीचा होता. त्याच्यामागं मी इकडे आलो, ते इथलाच झालो. इथं पट्टे, चाळण्या, मोटरी यांच्याशी बोलावं लागत नाही. बिघडलं की त्यांच्या आवाजावरून कळतं. माणसांचं मला तसं कधी कळलं नाही.

तुम्हा दोघांना मूलबाळ नव्हतं. दादा गेल्यावर कचरूनानानं आपली भाताची दोन खाचरं मागितली. नाना म्हणजे दादाचा चुलत भाऊ, आपल्या घरापासून वीस पावलांवर राहणारा. त्याचं म्हणणं, ओढ्याकडची दोन खाचरं जुन्या तोंडी वाटणीत त्याच्या बापाला आली होती, दादा नुसता कसत होता. तुझं म्हणणं, तोंडी वाटणी झाली तेव्हा ज्यांनी ऐकली ते सगळे मेले, मग आता कुणाच्या तोंडाची गोष्ट करता? इगतपुरीच्या कोर्टात आपण हरलो. तू नाशिकला जिल्हा कोर्टात अपील केलंस. अपील चालू आहे तोवर खाचरं तुझ्याकडे राहतील असा हुकूम मिळाला. तुझं वर्षाचं भात त्या दोन खाचरांतून यायचं. बाकीचं रान वरकस, डोंगरउताराचं, तिथं नागली आणि वरईच. म्हणून ते अपील म्हणजे तुझं जेवण होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते मी विसरलो होतो असं मला म्हणता येत नाही.

तारखेला तू आणि नाना एकाच एसटीनं नाशिकला जायचात, कारण घोटीहून वेळेवर पोचणारी गाडी तेवढी एकच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. नाना पुढं चढून खिडकीतून रुमाल टाकायचा आणि तुझी जागा धरायचा. जुन्या सीबीएस स्टँडवर उतरलं की तो त्याच्या वकिलाकडे, तू तुझ्या. दुपारी कोर्टाच्या आवारात झाडाखाली दोघांच्या भाकऱ्या एकाच फडक्यावर. एकदा तुझ्या वकिलांनी ते पाहिलं आणि तुला बाजूला घेतलं. 'बाई, तो तुमचा प्रतिवादी आहे!' तू म्हणालीस, 'व्हय साहेब, पन त्याला बायकोनं चटणी द्यायची ईसरली.'

मग ती तारीख आली.

वकीलसाहेबांनी कार्ड टाकलं होतं, की या वेळी शेवटचं म्हणणं ऐकणार आहेत, हजर राहा, घरातला कोणी पुरुष माणूस असला तर त्यालाही आणा, कागद समजून घ्यायला बरं. तू शेजारच्या पोरीकडून मला पत्र लिहवलंस. 'सोमा, या बारीला ये. आषाढात पडतीया तारीख, आवणीच्या ऐन घाईत. तू कोर्टात जा, मी खाचरात उभी ऱ्हाते.' तुझ्या दृष्टीनं वाटणी सरळ होती. मी उत्तर धाडलं. सुट्टी मिळत नाही, हंगाम आहे, मालक सोडत नाही.

आपल्याकडची आवणी, म्हणजे भाताची लावणी, ज्यांनी केली नाही त्यांना तुझी अडचण कळायची नाही, म्हणून लिहितो. रोप तयार झालं आणि खाचरात पाणी उभं राहिलं की थांबता येत नाही. एकट्याच्यानं तर होतच नाही. म्हणून पाड्यावर सावड असते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. कोणाची पाळी कधी हे आधी ठरतं, आणि ज्याची पाळी चुकली त्याचं रोप पिवळं पडतं. ज्यानं दुसऱ्याची पाळी चुकवली त्याच्याकडे पुढल्या साली कोणी फिरकत नाही. तुझी पाळी नेमकी तारखेच्या दिवशी आली. पण सावडीत एक सोय असते. खरीच अडचण असली तर निरोप धाडून दिवस बदलता येतो. निरोप कोणाहीबरोबर गेला तरी चालतो, आणि तो पोचतो.

तू कोर्टालाही तेच केलंस. नाना जाणारच होता. तू त्याला म्हणालीस, 'नाना, तुमी जाताच हाय, तर साहेबाला सांगा, हिराबाईची आवणी हाय. पुढची तारीख द्या म्हनावं.' ज्याच्याविरुद्ध अपील त्याच्याच हाती निरोप! नाशिकच्या शहाण्या माणसाला हे खोटं वाटेल. आपल्या पाड्यावर कोणाला वाटलं नाही.

त्या दिवशी पाऊस धो धो होता, तरी वीस माणसं तुझ्या खाचरात वाकली होती. त्यात नानाची बायको होती, दोन्ही सुना होत्या. वादातल्या त्या दोन खाचरांत रोप त्यांनीच लावलं. आणि नाशिकला कोर्टाच्या दारात शिपायानं तीनदा पुकारा केला, 'हिराबाई... हिराबाई... हिराबाई हाजिर?' आपले वकील दुसऱ्या कोर्टात उभे होते. नाना बाकावर बसून होता. अपील गैरहजेरीत काढून टाकलं.

संध्याकाळी नाना परत आला तेव्हा तू चिखलानं माखलेली, ओट्यावर बसून सगळ्यांना चहा देत होतीस. विचारलंस, 'दिला का निरोप?' नाना म्हणाला, 'पाऊस लय व्हता नाशिकला,' आणि कप घेऊन घरात गेला.

पंधरवड्यानं वकीलसाहेबांचं कार्ड आलं तेव्हा सगळं कळलं. महिन्याच्या आत अर्ज दिला आणि न येण्याचं कारण पटलं, तर अपील पुन्हा जुन्या नंबरावर घेतात, असं त्यात होतं. शेजारच्या पोरीनं मला ते जसंच्या तसं उतरवून पाठवलं. खाली तुझं एवढंच, 'सोमा, जमलं तर.' ते 'जमलं तर' मी दोनदा वाचलं. मी तसाच सेठकडे, गिरणीच्या मालकाकडे गेलो. सेठ पानाला चुना लावत होते. म्हणाले, 'कितने दिन?' मी म्हटलं, आठ. 'ठीक है. पट्टा देखकर जाना.' झालं. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

कोर्टाच्या आवारात टाइप करणाऱ्यांच्या टेबलांची रांग असते, तिथं आपण बसलो होतो. तू, मी, वकीलसाहेब. वकीलसाहेबांनी सरळ उपाय काढला होता. 'बाई आजारी होत्या असं लिहू. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आणवतो. आठ दिवस ताप. कोर्ट लगेच मान्य करतं.'

तू म्हणालीस, 'मला ताप नव्हता.'

'अहो, सगळेच लिहितात.'

'अख्खा पाडा माझ्या खाचरात व्हता साहेब. वीस मानसांनी मला वाकल्यालं पाह्यलं. आन् शपथेवर ताप लिवू? खरं काय ते लिवा. एक शब्द खोटा नको.'

'खरं काय लिहू? प्रतिवादीबरोबर निरोप पाठवला? न्यायाधीश हसतील मला!'

'हसू द्या की. हसल्यानं अपील जातंय का?'

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण लिहून घेतलं. आवणी, सावड, निरोप, सगळं. मग टाइप करणारा मधेच थांबला. 'बाई, कोर्ट विचारेल, घरात पुरुष माणूस नव्हता का कोणी?' तू लगेच म्हणालीस, 'दीर हाय. लांब हाय, परमुलखात. त्याला सुट्टी नाय मिळाली. लिवा.' हे बोलताना तू माझ्याकडं बघितलं नाहीस. त्याच्या बोटांकडं बघत होतीस. मला वाटलं, तुला त्या यंत्राची मजा वाटतेय.

मग त्यानं सगळं वाचून दाखवलं, जसं अंगठा देणाऱ्याला दाखवावं लागतं. 'अर्जदाराचे दीर परप्रांती नोकरीस असून त्यांस रजा मिळू शकली नाही.' तू मान हलवलीस आणि अंगठा टेकवलास. निळा, गोल, ठसठशीत.

वहिनी, मी सुट्टी मागितलीच नव्हती.

हंगाम नव्हता. आषाढात इथल्या गिरण्या अर्ध्या रिकाम्या असतात. मी घाबरलो होतो. तुझं पत्र आलं आणि मला कोर्ट दिसलं. तो उंच बाक, आणि 'उभे राहा' म्हणणारा कोणीतरी. आणि सातवीतल्यासारखी माझी जीभ. मी तीन रात्री विचार केला आणि चौथ्या दिवशी तुला खोटं लिहिलं. ज्या कागदात एक शब्द खोटा नको असं तू वकिलाशी भांडून ठरवलंस, त्यात एकच वाक्य खोटं होतं आणि ते माझं होतं. तू त्यावर शपथ घेतलीस. मी शेजारी बसून तुझ्या अंगठ्याची शाई पुसायला कागद दिला.

अर्जाच्या सुनावणीला न्यायाधीशसाहेबांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचा चष्मा खाली आला. 'प्रतिवादीबरोबर निरोप?' मागं दोनचार वकील हसले. नानाचा वकील उठून म्हणाला, ही बनवाबनवी आहे, असा निरोप कोणी देत नाही, घरचा पुरुष माणूस मुद्दाम आला नाही. तेव्हा साहेब म्हणाले, 'दीर आलेत का? उभे राहा.'

मी उभा राहिलो.

'तुम्हाला रजा का मिळाली नाही?'

आणि झालं तेच जे मला माहीत होतं. डोक्यावरचा पंखा ऐकू येत होता, बाकी काही नाही. मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. साहेबांनी पुन्हा विचारलं. नानाचा वकील हसायला लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला. 'साहेब, दिला व्हता निरोप. माझ्यापाशीच दिला व्हता.'

नाना उभा होता. त्याचा वकील त्याचा सदरा ओढत होता आणि नाना त्याचा हात झटकत होता.

साहेब म्हणाले, 'मग तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही?'

'मला कुनी इचारलंच नाय साहेब.'

अख्खं कोर्ट हसलं. साहेबही हसले, पण कागदावर मान घालून. मला खाली बसायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी हुकूम झाला. अपील पूर्वीच्या नंबरावर घ्यावं. खाचरांचा हुकूमही पूर्वीसारखा. तू बाहेर येऊन वकीलसाहेबांच्या पाया पडायला वाकलीस, ते दोन पावलं मागं सरले. मग तू नानाकडे गेलीस आणि त्याला म्हणालीस, 'भाकर खायची ना?'

मी त्या दिवशी जेवलो नाही. मी नानाबरोबर त्या फडक्यावर बसायला तयार नव्हतो. इथून आपलं भांडण सुरू झालं, जे आता संपायचं नाही.

अपिलाच्या तारखा वर्षानुवर्षं पुढं सरकत राहिल्या. दर खेपेला तेच. मी आलो की नाना चहाला बोलवायचा, मी जायचो नाही. 'लबाड माणूस आहे,' मी म्हणायचो. 'निरोप घेतला आणि गिळून बसला.' तू तांदूळ निवडत म्हणायचीस, 'त्यानं खोटं नाय सांगितलं. गप्प बसला.'

'एकच झालं ते!'

'कसं एक? गप बसल्याल्या मानसाला परत बोलता येतं. खोटं बोलल्याल्याला लय लांबून फिरून यावं लागतं.'

मी चिडून उठायचो. तुला नानाचा पुळका आहे म्हणायचो. एकदा तर म्हटलं, की त्याला तुझं एवढंच वाटतं तर खाचरं सोडू दे, भांडतो कशाला? तेव्हा तू माझ्याकडं नीट बघितलंस. 'त्याला खाचरं त्याची वाटतात. मला माझी वाटतात. म्हनून तर कोर्ट हाय. त्यात वाईट काय?' मी पिशवी उचलून स्टेशनला निघालो. तू मागून येऊन पिशवीत तांदळाची पुरचुंडी कोंबलीस. गिरणीत काम करणाऱ्याला तांदूळ! इथं मी तांदळाच्या डोंगरावर झोपतो. पण तो आपल्या खाचरातला होता, बुटका, वासाचा. शिजवला की शेजारच्या खोलीतली माणसं विचारायची, क्या पका रहे हो. मी दर वेळी ठरवायचो, पुढच्या खेपेला वहिनीला खरं सांगू. सुट्टीचं. दर वेळी पुढची खेप आली.

या खेपेला गिरणीत फोन आला. मुनीमजींनी आवाज दिला तेव्हा मी चाळणीखाली आडवा पडून बोल्ट काढत होतो. फोनवर नानाचा मोठा मुलगा होता. 'काका, काकू गेली.' मी विचारलं, 'कुठं?' गाडी मिळून पोचेपर्यंत दुसरा दिवस मावळला होता. सगळं उरकलं होतं. पावसात लाकडं भिजत होती, जास्त थांबता येत नव्हतं म्हणे. तुला अग्नी नानानं दिला. घरात दुसरा पुरुष माणूस नव्हता, तो लांब होता. या खेपेला मात्र तो खरंच निघालेला होता, वहिनी. वाटेत होता.

तुझा चेहरा मला दिसला नाही. मी तुझी खाट, तुझं जातं, दोरीवरचं लुगडं बघत राहिलो.

दहावा नाशिकला रामकुंडावर केला. मी डोकं भादरून घाटाच्या पायरीवर बसलो होतो. नाना शेजारी येऊन बसला. त्याचंही डोकं भादरलेलं. मग म्हणाला, 'वकिलाकडं जाऊन ये. जवळच हाय. तुझं नाव लाव.'

मला राग आला. मी म्हटलं, 'तुम्हाला काय त्याचं? नाही लावलं तर तुमचंच भलं.'

'व्हय. मी काय देव नाय सोमा. तू नाय आलास तर खाचरं मी घेनार. सोडनार नाय. म्हनूनच सांगतो, ये.'

माझा ताबा सुटला. इतक्या वर्षांचं सगळं तोंडात आलं. म्हटलं, त्या दिवशी निरोप दिला असता तर तिला एवढे हेलपाटे पडले नसते. तुम्ही गिळलात तिचा निरोप.

नानानं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाला, 'गिळला. माझं चुकलं. ते मी कोर्टात बोललो. आता दुसरं ऐक. निरोप माझ्याकडं का आला, ठाव हाय तुला? तुझं कार्ड आलं सुट्टी नाय म्हनून. ती म्हनली, पोराच्या मालकाला फोन करू, हातापाया पडू, बाई मानूस बोललं तर सोडंल. घोटीच्या बाजारात एसटीडीच्या डब्यात गेलो आमी. नंबर मी फिरवला. मुनीम का कोन बोलला, छुट्टी तो उसने मांगी ही नहीं. मी तिला सांगितलं तसंच्या तसं.'

मी पायरीचा ओला दगड बोटानं उकरत राहिलो.

'ती जरा उभी ऱ्हायली तिथं. मग म्हनली, भ्यालं आसंल. लहानपणापासनं भितंय उभं ऱ्हायाला. आन् तिथंच मला म्हनली, मग नाना, तुमीच सांगा साहेबाला. आन् ह्ये कुनाला बोलू नका. मी नाय बोललो. ती व्हती तवर नाय बोललो.'

'कोर्टात...' मी कसंबसं म्हटलं.

'कोर्टात तू ततपप करत व्हतास. माझा वकील हसत व्हता. आन् ती माझ्याकडं बघत व्हती. तिथं मी काय करनार?'

वहिनी, म्हणजे तुला माहीत होतं. टाइपवाल्यापुढं बसलीस तेव्हा माहीत होतं. डॉक्टरचा खोटा ताप तुला नको होता, त्यासाठी वकिलाशी भांडलीस, न्यायाधीश हसतील म्हटलं तर हसू द्या म्हणालीस. आणि 'सुट्टी नाय मिळाली, लिवा' हे तू स्वतःहून सांगितलंस. शपथेवर. जन्मात एकदाच खोटं बोललीस, तेही माझ्या नावाचं, आणि शाई पुसायला कागद माझ्याच हातून घेतलास. खोटं बोलणाऱ्याला लांबून फिरून यावं लागतं, असं तू तांदूळ निवडत म्हणायचीस तेव्हा कोणाबद्दल बोलत होतीस? मी नानाला शिव्या देत होतो आणि तू ऐकत होतीस. एकदाही म्हणाली नाहीस, की सोमा, आता पुरे.

का नाही म्हणालीस? मला एक थोबाडीत दिली असतीस तर मी आज इतका उघडा पडलो नसतो.

मी तसाच वकीलसाहेबांकडे गेलो. थकलेत ते. त्यांनी नव्वद दिवसांचं सांगितलं. मृत्यूचा दाखला लागेल, वारस म्हणून माझं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि एक दिवस समोर उभं राहावं लागेल. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, या कागदात तेही लिहा, की आधीच्या अर्जातलं ते वाक्य खोटं होतं, आणि खोटं माझं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'तुझं मन हलकं होईल. पण समोरच्या वकिलाच्या हातात तू तिचा अंगठा देशील. म्हणेल, बाई खोटं बोलल्या. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येतं का?' मग म्हणाले, 'त्या बाईनं कोर्टाला जे सांगितलं ते राहू दे तसंच. तुला जे बोलायचंय ते दुसरीकडं बोल.'

म्हणून हे इथं लिहितोय. दुसरीकडं म्हणजे कुठं, ते मला कळलं नाही.

ग्रामसेवक रजेवर होता, दाखला मिळाला नाही. मी त्याचंच निमित्त केलं आणि परत आलो. खरं तर पळालो. गाडीत मनमाड गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आल्यापासून मी हिशेब करतोय, की अजून इतके आहेत, अजून इतके आहेत. नानाच्या मुलानं काल फोनवर सांगितलं, दाखला त्यानं काढून ठेवलाय. नानानंच काढायला लावला. आता मला कारण उरलं नाही.

आपल्यात जे राहिलं ते असं राहिलं. तुझं मी कधी काही फेडलं नाही आणि आता फेडायला समोर कोणी नाही. तू मला उभं राहण्यापासून सांभाळलंस, आयुष्यभर. शाळेत, पाड्यावर, कोर्टात. तुझं प्रेम होतं ते, मला माहीत आहे. पण त्यामुळं मी लांबच राहिलो, आणि तुझ्या चितेपाशी उभं राहायलाही नव्हतो, हे मी कोणाला सांगू?

वकीलसाहेब म्हणाले, नाव लागलं तरी पुकारा तुझ्याच नावानं होतो. मयत हिराबाई, तर्फे वारस. दारात शिपाई तीनदा तुझं नाव घेईल. मी पहिल्याच हाकेला उठणार आहे. बोलता येईल की नाही मला माहीत नाही. साहेबांनी काही विचारलं आणि जीभ चिकटली तर चिकटू दे, पण या खेपेला माझ्या बदल्यात मागून कोणी बोलायचं नाही. नानालाही तसं कळवलंय. तो म्हणाला, 'बघू.'

आज दुपारी सेठकडे गेलो होतो, वहिनी. सुट्टी मागितली.